डीएनपीचा आरएक्स-वन एचएस फोटो प्रिंटर: कोल्हापुरात दीड वर्ष वापरला, आता वहिनी फुकेतला घेतेय

हा रिव्ह्यू लिहायला घेतला तो वहिनीमुळं. माझा मावसभाऊ थायलंडमधल्या फुकेतला हॉटेलात नोकरीला आहे, लग्न तिथल्याच मुलीशी झालंय, आणि गेल्या नवरात्रात दोघं कोल्हापूरला आले तेव्हा वहिनी सलग तीन संध्याकाळी माझ्या टेबलापाशी बसून होती. महाद्वार रोडला एका ओळखीच्या दुकानाच्या कट्ट्यावर मी नऊ दिवस टेबल टाकतो, कॅमेरा, लॅपटॉप, हा प्रिंटर आणि खाली यूपीएस, एवढंच. अंबाबाईचं दर्शन घेऊन बाहेर आलेली माणसं फोटो काढतात आणि मिनिटाभरात हातात प्रिंट घेऊन जातात. वहिनीनं पहिल्या दिवशी नुसतं बघितलं, दुसऱ्या दिवशी प्रिंटा पाकिटात घालून द्यायला लागली, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, भावजी हे मला तिथं करायचं आहे, मला सगळं सांगा. भावजी हा शब्द तिला मावशीनं शिकवलाय आणि ती तो इतका नीट म्हणते की ऐकून बरं वाटतं. तेव्हापासून व्हॉट्सॲपवर तिला जे तुकड्या तुकड्यात सांगत आलो तेच इथं एकत्र लिहितोय, म्हणजे आपल्याकडं कुणाला हा धंदा सुरू करायचा असेल त्यालाही उपयोग होईल.

आधी मशीनबद्दल. डीएनपी ही जपानी कंपनी, आणि हा त्यांचा डाय सब्लिमेशन प्रिंटर आहे, शाईचा नाही. आत एक कागदाचा रोल आणि एक रिबन असते, रिबनवर पिवळा, मॅजेंटा, सायन असे रंगांचे पट्टे एकामागोमाग असतात आणि चौथा पट्टा पारदर्शक. प्रिंटरचं हेड गरम होतं, रिबनवरचा रंग त्या उष्णतेनं वाफ होऊन कागदाच्या वरच्या थरात शिरतो, तीनदा कागद पुढं मागं होतो आणि शेवटी तो पारदर्शक थर वरून बसतो. त्याला ओव्हरकोट म्हणतात. हा ओव्हरकोट ग्लॉसी करायचा का मॅट ते ड्रायव्हरमध्ये ठरवता येतं, त्यासाठी वेगळा रोल लावायची गरज नाही. शाईच्या प्रिंटरसारखे बारीक ठिपके दिसत नाहीत, चेहऱ्यावरचा रंग एकसलग येतो, आणि प्रिंट बाहेर पडते ती कोरडी. लगेच हातात घ्या, एकावर एक ठेवा, काही होत नाही.

कंपनी सांगते की चार बाय सहा इंचांची प्रिंट १२.४ सेकंदात निघते. माझा अनुभव असा की लॅपटॉपवरून फाईल जाऊन प्रिंट खाली पडेपर्यंत थोडा जास्त वेळ जातो, पण गिऱ्हाईक पाकीट निवडून पैसे देईपर्यंत प्रिंट तयार असते, मग त्या दोनचार सेकंदांचा हिशोब कोण ठेवतंय. वजन साधारण १४ किलो आहे, म्हणजे एक माणूस उचलू शकतो पण बुलेटवर पुढं ठेवून नेण्यासारखा नाही. मी रिक्षातून नेतो. नेताना रोल आणि रिबन काढून ठेवायची, ते आत असताना धक्के बसले तर कागद तिरका होतो. परत लावल्यावर सुरुवातीचा थोडा कागद तो स्वतःच कापून टाकतो, तेवढं नुकसान धरून चालायचं. वायफाय आत नाही, यूएसबी केबलच लावावी लागते, त्यामुळं लॅपटॉप पाहिजेच.

चार बाय सहाच्या एका रोलमध्ये ७०० प्रिंट निघतात आणि पेटीत दोन रोल आणि दोन रिबन, म्हणजे १४००. हा आकडा पक्का असतो, कारण प्रत्येक प्रिंटला रिबनचा एक पूर्ण संच जातोच, मग फोटो काळाकुट्ट असो नाहीतर अर्धा पांढरा. धंदा करणाऱ्याला हे सगळ्यात मोलाचं आहे असं मी मानतो. शाईच्या प्रिंटरवर मी तीन वर्षं काम केलं, सहा रंगांचा टँकवाला होता, त्याची क्वालिटी चांगलीच होती, त्याबद्दल वाईट बोलणार नाही, पण एका फोटोला नेमका खर्च किती ते मला कधी छातीठोक सांगता आलं नाही. चार दिवस गावाला गेलं की हेड चोक, मग क्लीनिंग, क्लीनिंगला परत शाई. इथं पेटीच्या भावाला १४०० नं भागलं की झालं. मला कर आणि वाहतूक धरून एक प्रिंट आठ-नऊ रुपयांना पडते, पाकीट वेगळं. नवरात्रात मी ती पाकिटासकट ५० ला देतो, नेहमीच्या दिवशी घरी येऊन कुणी मोबाईलमधले वीस-पंचवीस फोटो काढून मागितले तर २० ला.

याच कंपनीचा डीएस६२० पण बघितला होता, तो जास्त वेगवान आहे, ८.३ सेकंदात प्रिंट देतो, पण त्याचा रोल ४०० चा. मोठ्या इव्हेंटवाल्यांना तो वेग लागत असेल, मला ७०० चा रोल जास्त बरा वाटला कारण गर्दीत रोल बदलायला लागणं हीच खरी कटकट. आणि ज्यांना अजून धंदा करायचा का नाही हेच ठरवायचं आहे त्यांनी कॅननचा सेल्फी सीपी१५०० घेऊन बघावा, तो पण याच पद्धतीनं छापतो, पिशवीत बसतो, एका प्रिंटला चाळीसेक सेकंद घेतो आणि कागद महाग पडतो, पण शिकायला उत्तम. वहिनीला मी आधी तोच घ्यायला सांगितला होता. तिनं दोन महिने घरच्या घरी आणि मैत्रिणींच्या वाढदिवसाला तो वापरला, मग मोठ्याकडं आली. हे तिनं फार शहाणपणानं केलं.

आता ज्या गोष्टी कुठल्या माहितीपत्रकात नसतात त्या.

पहिली म्हणजे वापरलेली रिबन. ती सरळ कचऱ्यात टाकू नका. ज्या ठिकाणचा रंग कागदावर गेला तिथं रिबनवर मोकळी जागा राहते, म्हणजे प्रत्येक फोटोची निगेटिव्हसारखी प्रत त्या रिबनवर राहते, उजेडात धरली की चेहरे स्पष्ट ओळखू येतात. मी एकदा संपलेली रिबन उलगडून बघितली आणि अंगावर काटा आला, नवरात्रातल्या सातशे घरांच्या लेकीबाळी त्या पट्ट्यावर होत्या, त्यात कुणी आधार कार्डाची कॉपी काढून नेलेली, तीही वाचता येत होती. त्या दिवसापासून मी रिबन कात्रीनं बारीक कापूनच टाकतो. वेळ जातो, पण लोकांनी विश्वासानं फोटो दिलेले असतात. वहिनीला ही गोष्ट सगळ्यात आधी सांगितली आणि तिनंही लगेच वहीत लिहून घेतली.

दुसरी, धूळ. हेडवर किंवा कागदावर धुळीचा कण बसला की प्रिंटवर बारीक रेघ किंवा पांढरा ठिपका येतो आणि तो कण निघेपर्यंत येतच राहतो. महाद्वार रोडला दुसऱ्या दिवशी मला सलग अकरा प्रिंटा टाकून द्याव्या लागल्या, कपाळावर उभी रेघ. नंतर कळलं की मी रोल बदलताना झाकण उघडं ठेवून गिऱ्हाईकाशी बोलत उभा होतो. आता रोल बदलायचा तो दुकानाच्या आत जाऊन, हात पुसून, आणि दर रोलला हेड त्याच्या कापडानं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं. हेड थंड झाल्याशिवाय हात लावायचा नाही.

तिसरी, उन्हाळा. या जातीचे सगळेच प्रिंटर उष्णतेवर चालतात त्यामुळं सलग छापत राहिलं की हेड थंड होण्यासाठी मधेच थांबतात. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला वाडी रत्नागिरीला टेबल लावला होता, दुपारी गुलालानं सगळं गुलाबी झालेलं आणि पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं, तेव्हा दर दहाबारा प्रिंटांनी थांबा यायला लागला. मशीन बिघडलं म्हणून मी घाबरलो, पण नाही, ते स्वतःला जपत होतं. कंपनीच ३५ डिग्रीपर्यंत वापरा म्हणते. शिवाय गुलाल. गुलाल उधळतात तिथं हा प्रिंटर नेऊ नये हे मी आता ठामपणे सांगतो, पुढच्या यात्रेला मी फोटो तिथं काढणार आणि प्रिंट गावात एका खोलीत करून माणसाकरवी वर पाठवणार. वहिनीला हाच मुद्दा सोंक्रानसाठी सांगितला, १३ ते १५ एप्रिल त्यांचं नवीन वर्ष असतं आणि रस्त्यावर सगळे एकमेकांवर पाणी उडवतात, आपल्या रंगपंचमीसारखं. ती म्हणाली, त्या तीन दिवसांत प्रिंटर दुकानाच्या बाहेर येणारच नाही.

चौथी माझी स्वतःची चूक आहे आणि ती मला अजून लागून राहिलीय. फ्रीजला लावायचे मॅग्नेटवाले फोटो लोकांना आवडतात म्हणून मी मऊ प्लास्टिकची पाकिटं घाऊक आणली. दोन-अडीच महिन्यांनी राजारामपुरीतल्या एक काकू आल्या, नातवाच्या बारशाचा फोटो पाकिटाला चिकटलेला, गालाचा रंग प्लास्टिकवर उतरलेला. मऊ पीव्हीसीमध्ये ते लवचिक राहण्यासाठी जे द्रव्य घालतात ते या प्रिंटच्या रंगाला ओढून घेतं, हे मी नंतर वाचलं. त्या काकूंना आणि ज्यांचे ज्यांचे नंबर होते त्या सगळ्यांना फोन करून नवीन प्रिंटा फुकट दिल्या. आता पाकिटं फक्त पीपीची, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची, आणि मॅग्नेट मागून चिकटवतो. ज्यानं माझ्याकडून त्या काळात नेला असेल आणि माझा फोन आला नसेल त्यानं फोटो घेऊन यावं, बदलून देईन.

पाण्याबद्दल मात्र या प्रिंटचं मी मनापासून कौतुक करतो. कोल्हापुरात फोटोला पाणी लागणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची ४३ फुटांची पातळी कुठल्या कुठं मागं टाकली आणि शाहूपुरीत आमच्या आत्याच्या घरात छातीएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर तिला कपाटाचं, टीव्हीचं काही वाटलं नाही, ती अल्बम घेऊन गच्चीवर बसली होती. जुने लॅबचे फोटो एकमेकांना चिकटून विटेसारखे झाले होते. त्यातले काही आम्ही स्वच्छ थंड पाण्यात भिजत ठेवून हळूहळू सुटे केले, ते वाचले. जे कुणी घाईनं कोरडेच ओढले त्यांचे चेहरे निघून आले. आणि घरच्या शाईच्या प्रिंटरवर साध्या कागदावर काढलेले होते ते तर नुसते रंगाचे ओघळ. नुसती फोटोग्राफी सोडून प्रिंटिंगमध्ये मी खरा शिरलो तो त्या महिन्यात, लोकांचे वाचलेले फोटो स्कॅन करून परत काढून द्यायला लागलो तिथून. म्हणून हा प्रिंटर आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एक प्रिंट रात्रभर बादलीत टाकून ठेवली. सकाळी काढून पुसली तर रंग जसाच्या तसा, कडेला कागदानं थोडं पाणी प्यायलं होतं एवढंच. महिनाभर चिखलात राहिली तर काय होईल ते मी सांगत नाही, पण आत्याला तिच्या लग्नाचा फोटो याच्यावर काढून दिला तेव्हा मनाला समाधान वाटलं.

फाईलींचं थोडं सांगतो कारण निम्म्या तक्रारी प्रिंटरच्या नसतातच. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून, चार बाय सहाला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दाबून येतो, म्हणून गिऱ्हाईकाला डॉक्युमेंट म्हणून पाठवा असं सांगायचं. मोबाईलचा फोटो बहुतेक चारास तीन मापाचा असतो आणि प्रिंट तिनास दोन, म्हणजे आडव्या फोटोचं वर खाली थोडं कापलं जाणार, आणि नेमकं आजोबांचा फेटा नाहीतर बाळाचे पाय कापले जातात. छापायच्या आधी स्क्रीनवर दाखवून विचारायचं. कंपनीचं हॉट फोल्डर प्रिंट नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, चार बाय सहाच्या फोल्डरमध्ये फाईल टाकली की प्रिंट सुटते, मला तेवढंच पुरतं. पासपोर्टसाठी ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ फोटो एका चार बाय सहात बसतात. याच कागदावर दोन बाय सहाच्या दोन पट्ट्या पण कापून मिळतात, चार चार फोटोंची स्ट्रिप असते ती, आपल्याकडं कॉलेजच्या पोरांना आत्ता कुठं त्याचं वेड लागतंय.

तक्रार एक आहे, ती मशीनची नाही, ज्याच्याकडून घेतलं त्या विक्रेत्याची, नाव लिहीत नाही. मशीन घेताना म्हणाले कागद कधीही मागा दोन दिवसांत पोच, आणि ऐन लग्नसराईत मला अकरा दिवस थांबवलं, फोन उचलायचे नाहीत. शनिवारच्या लग्नाला शेवटी सांगलीच्या एका फोटोग्राफरनं त्याच्याकडची पेटी दिली म्हणून शब्द राहिला. तेव्हापासून एक पेटी कायम शिल्लक ठेवतो, कपाटात, जमिनीपासून वर, पावसाळ्यात तर जास्तच, कारण दमट हवेत कागदाचा रोल वळतो. हा प्रिंटर घेणाऱ्यानं मशीनच्या भावात घासाघीस करण्यापेक्षा पेटी कोण वेळेवर देतो ते आधी शोधावं.

आता थायलंडचं, कारण हे वाचणाऱ्यात कुणाच्या डोक्यात तिकडं जाऊन धंदा टाकायचा असेल तर. आमच्या दादानं, म्हणजे वहिनीच्या नवऱ्यानं, आधी हेच ठरवलं होतं, नोकरी सोडायची, फुकेतच्या पाटोंग बीचच्या बाजूला छोटा गाळा घ्यायचा, स्वतः उभं राहायचं. मी पण उत्साहात होतो. मग कागद वाचायला बसलो आणि कळलं की तिथं परदेशी माणसानं जी कामं करायचीच नाहीत अशी यादी आहे आणि दुकानात उभं राहून माल विकणं त्या यादीत आहे, फिरून विकणं पण आहे. वर्क परमिट नसताना तर काहीच नाही, टुरिस्ट म्हणून जाऊन टेबल टाकायचा विचारसुद्धा करू नये. कंपनी काढायची म्हटलं तर १९९९ चा परकीय व्यवसाय कायदा आहे, त्यात सेवा देणाऱ्या धंद्यात परदेशी माणसाचा हिस्सा निम्म्याच्या आतच ठेवावा लागतो, नाहीतर वेगळा परवाना. आणि एका परदेशी माणसाच्या वर्क परमिटला साधारण नियम असा की २० लाख बाथ (बाथ म्हणजे तिथलं चलन) भांडवल आणि चार थाई नोकर. चार बाय सहाच्या प्रिंटा विकून हे कसं परवडणार सांगा.

तिथं एजंट लोक सांगतात की एखाद्या थाई माणसाचं नाव नुसतं कागदावर लावा, पैसे तुमचेच. दादालाही एकानं हेच सांगितलं. हे करू नका, मी हात जोडून सांगतो. नुसतं नाव वापरू देणाऱ्याला आणि वापरणाऱ्याला दोघांनाही त्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत तुरुंग नाहीतर १ लाख ते १० लाख बाथ दंड, किंवा दोन्ही आहे. परक्या मुलखात मराठी माणूस अशा भानगडीत अडकला की घरचे इथं रात्र रात्र झोपत नाहीत, मी एका ओळखीच्या घरात हे बघितलंय.

म्हणून दुकान वहिनीचं आहे, नावापुरतं नाही, खरंच तिचं. तिचे साठवलेले पैसे, तिचा भाडेकरार, गिऱ्हाईकाशी तीच बोलणार, दादा त्याच्या हॉटेलातच राहणार. एकट्याच्या मालकीच्या दुकानाला तिथं व्यापारी नोंदणी करावी लागते, सुरू केल्यापासून ३० दिवसांच्या आत, आणि फी ५० बाथ फक्त. व्हॅट ७ टक्के आहे पण वर्षाची विक्री १८ लाख बाथच्या वर गेली तरच नोंदणी. आपल्याकडच्या जीएसटीसारखंच समजा, सेवेला २० लाखांची मर्यादा. पैसे घ्यायला त्यांचं प्रॉम्प्टपे आहे, क्यूआर लावून ठेवायचा, आपल्या यूपीआयसारखंच. प्रिंटर इथून न्यायचा का असं दादानं विचारलं होतं, वीज तिथंही आपल्यासारखीच २२०-२३० व्होल्ट ५० हर्ट्झ आहे त्यामुळं चालला असता, पण मी नको म्हणालो. कस्टमला उत्तरं द्या, वॉरंटीला कुणी विचारणार नाही, आणि पेट्या तर तिथूनच घ्यायच्यात, मग ज्याच्याकडून पेटी घेणार त्याच्याकडूनच मशीन घ्यावं. तिनं बँकॉकच्या विक्रेत्याकडून मागवून घेतलाय.

धंदा कुठला चालेल यावर मात्र ती माझ्यापेक्षा दहा पावलं पुढं आहे. मी टुरिस्ट, बीच, इन्स्टंट फोटो एवढंच धरून बसलो होतो. ती म्हणाली टुरिस्ट नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मग मे ते ऑक्टोबर पावसात काय करणार, दुकान तिथल्या माणसांवर चाललं पाहिजे. त्यांच्याकडं पदवीदान म्हणजे मोठा सोहळा असतो, राजघराण्यातलं कुणीतरी हातात पदवी देतं, घरचे सगळे फुलांचे गुच्छ घेऊन येतात, गाऊन घातलेल्या पोरीचा फोटो आईबाप भिंतीवर लावतात. शाळेच्या, नोकरीच्या अर्जाला एक इंची आणि दोन इंची मापाचे फोटो लागतात, आपल्या पासपोर्ट साईजसारखे, ते रोजचं गिऱ्हाईक. घरात कुणी वारलं तर विधीला मोठा फ्रेम केलेला फोटो लागतो. तो या सहा इंची प्रिंटरवर होत नाही, त्यासाठी ती गावातल्या मोठ्या लॅबशी बोलून ठेवतेय, आणि मला हे आवडलं, जे आपल्या मशीनला जमत नाही ते उगाच ओढून ताणून करायचं नाही. आणि तिकडं येऊन होणारी भारतीय लग्नं हा दादाच्या ओळखीचा भाग, हॉटेलात मेहंदीच्या संध्याकाळी फोटो स्ट्रिपचा कोपरा.

एक गोष्ट तिनं सांगितली ती माझ्या मनात बसलीय. थाई भाषेत फोटोला रूप म्हणतात, आपलाच संस्कृत शब्द तिकडं गेलेला, आणि फोटो काढणं म्हणजे थाय रूप. नवरात्रात महाद्वारात उभं राहून बायका आज देवीचं रूप कुठलं म्हणून एकमेकींना विचारत होत्या तेव्हा वहिनी चमकून वळली, तिला वाटलं फोटोबद्दल बोलतायत. खरी कॉर्नरला तिला कॅमेरा स्तंभ दाखवायला नेलं होतं, बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात तयार केला हे सांगितलं, तर ती बराच वेळ तिथं थांबली आणि स्तंभाचे चार फोटो काढले. त्यातला एक ती दुकानात लावणार आहे.

भांडवलाचं विचारतात म्हणून. प्रिंटर मला कर धरून ६० ते ७० हजारांच्या मधे पडला, लॅपटॉप आणि कॅमेरा होताच. यूपीएस घ्याच, प्रिंट अर्धी असताना लाईट गेली तर तो कागद आणि रिबनचा तो संच दोन्ही वाया. सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, मी तेच घेतलं आणि बाकी घरून घातले. दीड वर्षात अकरा पेट्या संपल्या, म्हणजे १५ हजारांच्या वर प्रिंटा, हेड अजून पहिलंच आहे. मशीनचे पैसे दहाव्या महिन्यात निघाले, त्यातली निम्मी कमाई नवरात्राची आणि लग्नांची. बाकीच्या महिन्यांत दिवसाला पाचदहा फोटो, कधी तेही नाहीत. नुसत्या पासपोर्ट फोटोसाठी हा घेऊ नये, त्याला शाईचा टँकवाला पुरतो आणि त्यावर ए-फोरची कामंही होतात. ज्याला गर्दीत, लग्नात, यात्रेत, गिऱ्हाईकासमोर लगेच फोटो द्यायचाय त्यानं बिनधास्त घ्यावा.

पाचात साडेचार देतो. अर्धा वायफायसाठी कापला, केबल पायात अडकून लॅपटॉप दोनदा पडता पडता वाचलाय.

रंगाबद्दल वहिनीचा कालच मेसेज होता की तिच्या चाचणीच्या प्रिंटा गडद येतायत. माझ्या पण पहिल्या पन्नास तशाच आल्या होत्या. लॅपटॉपच्या स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवलेला असतो त्यामुळं फोटो तिथं उजळ दिसतो आणि कागदावर काळपट, म्हणून स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणून कंपनीची आयसीसी प्रोफाईल, म्हणजे रंग जुळवायची फाईल, लावायची आणि मगच फोटोत हात घालायचा. तिला तसं कळवलंय, आज संध्याकाळी परत काढून बघते म्हणालीय.